रोजचे 120 किलोमीटर आणि रविवारचा घाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, घर अंबाजोगाईत, नोकरी लातूरला, रोज जाऊन-येऊन 120 किलोमीटर. लग्नाला दोन वर्षं झालीत. हाताशी दोन-सव्वादोन लाख आहेत. तुमच्या मनात 350 सीसीची मोटारसायकल आहे, आणि वडील व बायको म्हणतात तेवढ्यात एखादी जुनी कार बघ. तुम्ही लिहिलंय, "कारमध्ये बसलं की खोलीत बसल्यासारखं वाटतं. पण घरचे म्हणतात तेवढा धोका खरंच असतो, की उगाच बाऊ करतात?"

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे, 22 वर्षं झाली. गाडी ठोकली की गॅरेजला किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात जायचं, फोटो काढायचे, कोणता पार्ट बदलावा लागेल आणि कोणता ठोकून सरळ होईल ते लिहायचं, कंपनीला अहवाल द्यायचा. लातूर, बीड, धाराशिव हा नेहमीचा इलाका, कधीमधी परभणी-नांदेड. घरी कार आहे, तरी माझी मोटारसायकल मी विकलेली नाही. 'दुचाकी म्हणजे मरण' म्हणणाऱ्यांतला मी नाही. आणि 'ज्याची वेळ भरली तो घरात बसूनही जातो' म्हणणाऱ्यांतलाही नाही. हे दुसरं वाक्य मी शेकड्याने ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्याचं हेल्मेट बहुतेक वेळा घरी खिळ्याला असतं.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला वाटतं. एक म्हणजे रोज लातूर गाठायचं कशाने. दुसरा म्हणजे गाडीवर बसल्यावर जे काही वाटतं ते आयुष्यात ठेवायचं की सोडायचं. तुम्ही दोन्हीचं ओझं एकाच गाडीवर टाकताय. ते सोडवायच्या आधी धोक्याचं बोलू.

घरचे बाऊ करत नाहीत. माझ्या धंद्यातला साधा हिशोब देतो. कार समोरून ठोकली की बंपर, बोनेट, रेडिएटर, कंडेन्सर, दोन्ही हेडलाइट मिळून लाख-दीड लाखाचं बिल सहज होतं. आणि कारवाला गॅरेजमध्ये माझ्या शेजारी उभा राहून "साहेब, एवढं कशाला कापता" म्हणून हुज्जत घालत असतो. मोटारसायकलचं बिल कैकदा सात-आठ हजारांचं असतं: हँडल, हेडलाइट, लेगगार्ड, शॉकअपचा एखादा पाइप. पण तिथे हुज्जत घालायला मालकाचा भाऊ किंवा मेहुणा आलेला असतो. मालक खाटेवर असतो. पत्रा चेपतो तेव्हा धक्का त्यात जिरतो. कारला चेपायला पुढे तीन-चार फूट पत्रा दिलेला आहे. दुचाकीवर तेवढं काम माणसाच्या हाडांनी करायचं.

माझंच सांगतो. ऑक्टोबर महिना होता, सोयाबीनची रास. आपल्याकडे खळी राहिली नाहीत, त्यामुळे डांबरी रस्ता दिसला की लोक त्यावर सोयाबीन वाळत घालतात. कडेला दगड मांडून अर्धा रस्ता अडवलेला. तेवढं मला दिसलं, मी बाजूने काढली. पण वाऱ्याने आणि गाड्यांच्या चाकांनी जे दाणे उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर आले होते ते दिसले नाहीत. वेग 30-35 असेल. सायकलच्या बेअरिंगमधल्या छऱ्यांवर चाक गेल्यासारखी गाडी पायाखालून निघून गेली. इंडिकेटर फुटला, लेगगार्ड वाकला, खर्च 240 रुपये. आणि गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. ज्याचं सोयाबीन होतं त्यानेच मला उचलून लिंबाखाली बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि मग सांडलेले दाणे गोळा करायला गेला. कारमध्ये असतो तर मला ते दाणे होते हे कळलंही नसतं.

आता देशाचे आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली. त्यांतले 74,897 दुचाकीवरचे होते, म्हणजे 44.5 टक्के. कार, टॅक्सी, व्हॅन अशा हलक्या वाहनांतले 12.5 टक्के. यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे दुचाक्याच जास्त, मग मरणारेही जास्तच असणार. मुद्दा बरोबर आहे. म्हणून किलोमीटरमागे किती हे बघावं लागतं, आणि तो हिशोब अमेरिकेत नियमित ठेवतात: तिथे तेवढ्याच अंतरामागे मोटारसायकलवाल्याच्या मृत्यूचं प्रमाण कारमधल्या माणसाच्या वीस पटींहून जास्त निघतं. त्यांचे रस्ते वेगळे, गाड्या मोठ्या, वेग जास्त. तो आकडा जसाच्या तसा तुमच्या रेणापूरवरून जाणाऱ्या रस्त्याला लावू नका. पण काटा कोणत्या बाजूला झुकतो याबद्दल वाद राहत नाही.

हा धोका येतो कुठून, ते बघितल्याशिवाय उपयोग नाही. पहिली गोष्ट, तुम्ही दिसत नाही. समोरून येणारी मोटारसायकल अरुंद असते. फाट्यावरून वळणाऱ्या माणसाच्या नजरेला ती दिसली तरी किती लांब आहे आणि किती वेगात येतेय याचा अंदाज लागत नाही. कारच्या काचेच्या बाजूचा खांब तर अख्खी मोटारसायकल झाकतो. अपघातानंतर जबाबात हमखास येणारं वाक्य म्हणजे "साहेब, मी बघितलं, कोणीच नव्हतं." तो दरवेळी खोटं बोलत नसतो. याच कारणाने 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा किल्ली फिरवून गाडी चालू केली की आपोआप लागतो. आपल्याकडे आजही समोरून येणारा भला माणूस हाताची मूठ उघडझाप करून खुणावतो, दिवा चालू राहिलाय म्हणून. त्याला हात करायचा आणि पुढे जायचं.

दुसरी गोष्ट वेगाची. 40 चा वेग 60 झाला की आपल्याला वाटतं दीडपट झाला. धडकेची ताकद मात्र वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. 80 ला चौपट. हे कारलाही लागू आहे, पण तिथे पट्टा, एअरबॅग आणि पत्रा मध्ये असतात.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागातली, आणि तुमच्या रस्त्यावर हीच सगळ्यात मोठी आहे: ऊस. नोव्हेंबर ते मार्च ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर मोळ्यांच्या लोंबत्या वाढ्यांखाली झाकलेला. समोरच्या ट्रॅक्टरवर गाणी जोरात, मागचं काही ऐकू येत नाही. तुम्ही सात वाजता ऑफिसातून निघालात, अंधार पडलाय, वेग 70. त्या वेगात सेकंदाला 19 मीटरहून जास्त अंतर तुडवलं जातं. डिपरवर, म्हणजे दिवा खाली पाडलेला असताना, उजेड साधारण 40 ते 50 मीटर पोचतो. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 29 मीटर गेले. मग चांगला ब्रेक लागला तरी आणखी तीसेक मीटर. बेरीज साठ होते आणि उजेड पन्नासचा आहे. समोरून कोणी अप्पर मारत आला तर तोही नाही. उसाच्या ट्रॉलीमागे घुसलेल्या गाड्या मी बघितल्यात, दुचाकी आणि कारही. कार घुसली तर ऊस काचेच्या उंचीला येतो, तिथे बोनेटचा काही उपयोग होत नाही. हे वडिलांनाही सांगा. रात्री त्या पाच महिन्यांत कारसुद्धा 50 च्या वर नेऊ नये, असं माझं स्वतःचं बंधन आहे.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. जून-जुलैत ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेली काळी माती पहिल्या सरीनंतर साबणासारखी होते. सकाळी कुत्री, रात्री रानडुकरं, आणि काही पट्ट्यांत हरणांचे कळप. रंग न दिलेले गतिरोधक, जे गावकऱ्यांनीच कुणाचा तरी पोरगा गेल्यावर रातोरात घातलेले असतात. आणि एप्रिल-मेचं ऊन: पारा 42 च्या पुढे गेला की दुपारी तासभर चालवल्यावर डोकं जड होतं, निर्णय उशिरा सुचतो. कारमध्ये एसी लावून बसणाऱ्याला हे समजत नाही.

एवढं सांगूनही मी मोटारसायकल का ठेवलीय, तेही सांगायला हवं. नाहीतर उत्तर अर्धंच होईल.

जानेवारीत पहाटे साडेसहाला मांजरसुंब्याच्या बाजूने बालाघाटाच्या डोंगरात शिरा. ओढा आला की हवा एकदम दोन अंश गार होते, मांड्यांना कळतं. चढ संपला की ऊन पाठीवर येतं. गुऱ्हाळ दिसायच्या आधी अर्धा किलोमीटर वास येतो. ज्वारीच्या रानातून जाताना एक वास, तुरीतून जाताना दुसरा. वळणावर हँडल फिरवायचं नसतं, गाडी कलती करायची असते: उजवीकडे जायचं तर उजवी मूठ किंचित पुढे दाबायची आणि ती आपोआप त्या अंगाला झुकते. हे पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी मी तेच वळण चार वेळा घेतलं होतं. त्या वेळी डोक्यात दुसरं काही राहत नाही. हप्ता नाही, साहेब नाही, व्हॉट्सअॅप नाही. तुम्ही 'खोलीत बसल्यासारखं' लिहिलंय ते मला शंभर टक्के पटतं. कार माणसाला रस्त्यापासून वेगळं करते. म्हणून ती सुरक्षित, आणि म्हणूनच ती कंटाळवाणी. मजा आणि धोका दोन्ही एकाच उघडेपणातून येतात, त्यामुळे फक्त मजा ठेवून धोका काढून टाकतो असं कोणी सांगितलं तर तो शोरूमचा माणूस आहे असं समजा.

पण दोघांत एक फरक आहे, आणि माझं सगळं उत्तर त्यावर उभं आहे. मजा सवयीने झिजते. धोका सवयीने झिजत नाही.

तुम्ही नवी गाडी घेतलीत. पहिला महिना लातूरला जाताना गाणं म्हणत जाल. तिसऱ्या महिन्यात वाटेतलं बर्दापूर कधी गेलं ते आठवणार नाही. सहाव्या महिन्यात तो नुसता रस्ता आहे: तेच खड्डे, तेच गतिरोधक, पाठ दुखतेय, आज बायोमेट्रिकला उशीर होणार. त्या दिवशी मजा शून्य आहे, आणि ट्रॉली मात्र पहिल्या दिवशी जिथे उभी होती तिथेच उभी आहे. उलट लक्ष उडालेलं असल्यामुळे धोका वाढलेला. 120 किलोमीटर रोज, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 3,000 किलोमीटर. वर्षाला 36,000. दर रविवारी शंभर किलोमीटर हौसेने फिरणारा माणूस वर्षात 5,000 करतो. म्हणजे मजेसाठी जेवढं लागतं त्याच्या सातपट अंतर तुम्ही निव्वळ पोटासाठी उघड्यावर काढणार. मी बघितलेल्या दुचाकींत हौसेने फिरायला निघालेला माणूस कमी असतो. जास्त असतात ते ड्युटीवरून घरी येणारे, दूध घालून परतणारे, लग्न आटोपून रात्री निघालेले.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर रोजचं लातूर मोटारसायकलने केलं नसतं.

मग कार? पैशाने बघू. पेट्रोल शंभरीच्या वर गेलेलं आहे (परभणीकरांसमोर हा विषय काढू नका, त्यांच्याकडे ते नेहमीच चार पैसे पुढे असतं). 105 धरा. 350 सीसीची गाडी 35 चं मायलेज देते असं मानलं तर 3,000 किलोमीटरला 86 लिटर, म्हणजे नऊ हजार. छोटी पेट्रोल कार 17 देते, 176 लिटर, साडेअठरा हजार. तुमचा पगार तुम्ही लिहिलेला नाही, त्यामुळे हे परवडतं की नाही ते तुम्हीच ठरवा. त्याच दिशेला जाणारे आणखी दोघं-तिघं मिळाले आणि पेट्रोल वाटून घेतलं तर कार मोटारसायकलपेक्षा स्वस्त पडते. अंबाजोगाईहून लातूरला रोज जाणारे शिक्षक, बँकवाले, दवाखान्यातले लोक कमी नाहीत. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस सकाळी उभे राहा, भेटतील.

आणि ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही, ती लालपरी. एसटीचा मासिक पास काढला तर 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस प्रवास होतो. वेळ पाळायला लागतो, गर्दी असते, शेवटच्या गाडीची धाकधूक असते, सगळं कबूल. पण जाताना झोप काढता येते. तुमच्या वयाचे लोक एसटीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, मला माहीत आहे. माझा मुलगाही करतो. तरी माझं खरं मत हेच आहे: आठवड्याचे सहा दिवस एसटी किंवा वाटून घेतलेली कार, आणि उरलेल्या पैशात मोटारसायकल, फक्त तुमच्या मनाच्या रस्त्यासाठी. ऑफिस एकाच शिफ्टचं नसेल, रात्री दहाला सुटत असेल, तर एसटी बाद आणि कारचं पारडं जड. हे तुमच्या वेळेवर आहे.

वडिलांचं ऐकून कार घ्यायची ठरली तर एक गोष्ट लिहून ठेवा: जुलै 2019. त्या महिन्यापासून आपल्याकडे बनणाऱ्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस ब्रेक (जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारा) त्याच सालच्या एप्रिलपासून. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत यायला 2021 संपलं. दोन-सव्वादोन लाखांत तुम्हाला 2013-14 च्या चकाचक गाड्या दाखवतील, ज्यांत बहुतेक वेळा यातलं काहीही नसतं. म्युझिक सिस्टीम मात्र भारी असते. बजेट थोडं ताणा, किंवा साधं मॉडेल घ्या, पण त्या तारखेच्या नंतरचं घ्या. बनल्याचा महिना-वर्ष आरसीवर असतो. रजिस्ट्रेशनची तारीख वेगळी असते, त्यात फसू नका. आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा 2318: म्हणजे 2018 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसली तरी एवढा जुना टायर उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर टाकू नका.

कारमध्ये बसलं की आपण वाचलो असंही समजू नका. 2022 च्याच अहवालात पट्टा न लावल्यामुळे गेलेले 16,715 आहेत, आणि त्यांत जवळपास निम्मे ड्रायव्हर नव्हते, शेजारी किंवा मागे बसलेले होते. आपल्याकडे पुढचा माणूस पोलीस दिसला की पट्टा ओढून नुसता छातीवर धरतो, आणि मागच्यांना तर पट्टा असतो हेच माहीत नसतं. जेवण करून दुपारी निघालेला, एसी लावलेला, सरळ चौपदरी रस्ता मिळालेला ड्रायव्हर पेंगतो. मोटारसायकलवर सहसा झोप लागत नाही, तेवढा एक गुण तिचा.

आता, एवढं वाचूनही तुम्ही मोटारसायकल घेणार असाल, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्यावर असे बरेच जण माझ्याकडे विचारायला आलेत, तर तीन गोष्टींवर मी हट्ट धरेन.

पहिली, पुढचा ब्रेक. 'पुढचा दाबला की गाडी उलटते' हे आपण लहानपणी सायकलवर शिकलो आणि आयुष्यभर तेच धरून बसलो. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची बरीचशी ताकद पुढेच असते. मी जागेवर जातो तेव्हा रस्त्यावर मोटारसायकलचा घसरल्याचा काळा पट्टा असला तर तो जवळजवळ नेहमी एकच असतो, लांबलचक, किंचित नागमोडी. तो मागच्या चाकाचा. माणसाने जीव खाऊन मागचा ब्रेक दाबला, चाक लॉक झालं, आणि पुढच्या ब्रेकला त्याने बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या 350 ला ते असणारच. जोरात दाबलं तरी पुढचं चाक लॉक होणार नाही. पण तेवढं जोरात दाबायची हाताला सवय हवी. गाडी आणल्यावर पहिल्या रविवारी रिकाम्या मैदानावर जा आणि 20, 30, 40 च्या वेगावरून दोन्ही ब्रेक मारून थांबायचा सराव करा, पन्नास वेळा. या गाड्या 180 ते 195 किलोच्या असतात. 100-110 किलोच्या गाडीवरून आलेल्या माणसाला हे वजन थांबवताना आणि वळवताना आधी अंगवळणी पाडावं लागतं.

दुसरी, हेल्मेट. हेल्मेट घातल्याने मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याची सुमारे 69 टक्क्यांनी कमी होते, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. मला त्याहून आठवते ती एका ठाण्याच्या आवारात बघितलेली गाडी. टाकी चेपलेली, स्पीडोमीटर फुटलेलं, हँडलला कापडी पिशवीत जेवणाचा डबा तसाच. आणि डाव्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट, ज्यावर एकही ओरखडा नव्हता. विकत घेतलेलं होतं, सोबत होतं, फक्त डोक्यावर नव्हतं. फोटो काढताना मी ते हेल्मेट फ्रेममध्ये घेतलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

तर: आयएसआय खुणेचं, हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट. जून 2021 पासून ती खूण नसलेलं विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला अडीचशेची टोपी मिळते. ती घेऊ नका. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच हेल्मेटांवर घासल्याच्या खुणा हनुवटीपाशी आणि कानाच्या पुढे असतात, नेमकं अर्धं हेल्मेट जिथे झाकत नाही तिथे. घ्यायच्या वेळी पट्टा लावा आणि मागून वर ओढून बघा. निघून आलं तर एक नंबर लहान घ्या. उन्हाळ्यात आत सुती दस्ती बांधा, घाम टिपतो आणि अस्तर कुजत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, आणि ती बायकोला दाखवा. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा, सप्टेंबर 2018 पासून एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे लोकांना वाटतं पाच वर्षं काळजी मिटली. त्यातला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो कोणी भरत नाही, उरतो तो नुसता थर्ड पार्टी. आणि नुसत्या थर्ड पार्टीत गाडीवर मागे बसलेला माणूस धरला जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2006 साली स्पष्ट केलंय. म्हणजे तुमच्याच चुकीने गाडी पडली आणि मागे बायको बसलेली असेल, तर कंपनी तिचा एक रुपया द्यायला बांधील नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही असलेली, घेतलेली असेल तर बायको धरली जाते. तुमच्यासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण वेगळं असतं, तेही चालू आहे का बघा. हे सगळं कायम चालू ठेवायला वर्षाला काही हजार लागतात. लायसन्सवर गियरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे का तेही तपासा. कारचं लायसन्स आहे म्हणून बुलेट चालवणारे बरेच भेटतात, आणि क्लेम नामंजूर झाला की त्यांचा राग माझ्यावर निघतो.

मागच्या सीटबद्दल आणखी एक. 2022 साली हेल्मेट नसलेले 50,029 जण गेले, त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. आपल्याकडे पुढच्याचं हेल्मेट दंडाच्या भीतीने असतं, मागची बाई पदर डोक्यावरून घेऊन बसते, एका अंगाला पाय टाकून. दुसरं हेल्मेट घ्यायला जाताना बायकोला बरोबर न्या. तिच्या केसांच्या बुचड्यासह तिने ते स्वतः घालून बघायला हवं, नाहीतर ते घरीच राहतं. आणि शोरूममध्ये गाडीवर तिलाही बसवून बघा. या 350 च्या काही मॉडेलांची मागची सीट इतकी आखूड असते की बर्दापूर यायच्या आतच ती तुम्हाला कारचं विचारेल.